बेसूर कोणाला म्हणायचं?

नमस्कार. भजनी मंडळांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मी बेसूर आरडाओरड्यावर भक्तीचं पांघरूण घालतो, वारकरी भजनाला शास्त्र नाही आणि अभंग ऐकायचा तर भीमसेन जोशींचाच ऐकावा. एक गोष्ट आधीच मान्य करतो. पहाटे कर्ण्यावरून कानठळ्या बसवणारा काकडा मलाही सोसत नाही, सिनेमाच्या चालीवर बसवलेला अभंग तर त्याहून नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

पण शास्त्र नाही, हे कसं म्हणता? 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' ही तुकोबांची ओळ बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. 'विटेवरी'ला 'कटावरी'चं यमक, आणि शेवटचा चरण आखूड. गाताना ती चार अक्षरं लांबवायला जागा मिळते, तिथे मागचे टाळकरी आवाज मिसळतात, आणि पुढच्याला दम घेता येतो. ही बांधणीच मुळी अनेकांनी मिळून म्हणण्यासाठी आहे.

भजन सुरू होण्याआधीची दहा मिनिटं कधी जवळ बसून पाहिलीत का? पखवाजवाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापून धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, लावतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. मग हातोडीनं वादीखालचे लाकडी गट्टे ठोकत शाईची, म्हणजे दुसरी, बाजू पेटीच्या सुराला आणतो. पट्टीही सगळ्यांना पेलेल अशीच धरतात. एवढं झाल्यावर 'जय जय रामकृष्ण हरी', तेही ठाय, म्हणजे संथ, लयीत. सुराची पर्वा नसलेली माणसं एवढा खटाटोप कशाला करतील?

मात्र प्रत्येक प्रकाराला त्याचीच फूटपट्टी लावावी लागते. वेदपठणात उदात्त, अनुदात्त, स्वरित हे उच्चाराचे स्वर जरा हलले तरी तो दोष. जटापाठ या पठणाच्या पद्धतीत तर जोडीतली पदं सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात, म्हणजे अक्षर निसटायला वावच नको. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, निरूपण उत्तररंगातल्या आख्यानात, म्हणजे नंतरच्या कथेत, किती रंगलं ते पाहतात. भजनात एकाच अभंगाला दहा चाली चालतात, पण ताल सुटला की सगळी बारी कोसळते. तिथे चूक लपत नाही.

भीमसेनजींची संतवाणी मीही डोळे मिटून ऐकतो. तिच्यामुळे अभंग कितीतरी घरांत पोचला, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तिथे मी श्रोता असतो. भजनात मागे कोपऱ्यात बसलो तरी कोणीतरी हातात टाळ देतंच.

शेवटी तुम्ही विचारलंत, ज्याला गळाच नाही त्यानं काय करायचं? त्यानं ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरायचं. ते सगळ्यांबरोबर म्हणायचं असतं, आणि फिरून फिरून येतं. तिसऱ्या खेपेला आपोआप सुराजवळ जातो माणूस. मी असाच शिकलो.