फॅरोच्या देशात जाऊबाई

प्राचीन देश बघायला जाण्यात एकच अडचण असते. तिथं आजची माणसंही राहत असतात, आणि त्यांना दुपारच्या आत बोहनी करायची असते.

धाराशिव जिल्ह्यात मी जन्मभर इतिहास शिकवला. 'इजिप्त ही नाईलची देणगी आहे' हे हिरोडोटसचं वाक्य फळ्यावर लिहायचं, शेजारी एक त्रिकोण काढायचा, त्रिकोणाशेजारी खजुराचं झाड, की झाला इजिप्त. निवृत्तीनंतर तो त्रिकोण एकदा प्रत्यक्ष बघावा असं मनात आलं, तर ह्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं आणि मोठ्या जाऊबाईंचं नाव पुढं केलं. जाऊबाईंचे गुडघे ह्यांच्याहून वाईट आहेत. पण त्यांनी नवरात्रात तुळजापूरच्या दर्शनबारीत उभ्याउभ्या रात्री काढल्यात. त्या एवढंच म्हणाल्या, "येते की. कुठं म्हणलीस?"

कैरोत पहिली परीक्षा रस्ता ओलांडण्याची. तिथं गाड्या थांबत नाहीत आणि माणसंही थांबत नाहीत. दोघं एकमेकांच्या अंदाजानं चालत राहतात. आमच्या टूरवाल्या पुण्याच्या पोरानं "काकू, हात धरा, एक-दोन-तीन म्हटलं की..." अशी शिकवणी सुरू केली, तोवर जाऊबाई पदर खोचून पलीकडच्या फुटपाथवर पोचल्या होत्या. त्यांच्यासाठी अख्ख्या रस्त्यानं ब्रेक मारले. धाराशिवच्या आठवडी बाजारात ट्रॅक्टरपुढून जाणारी बाई ती, तिला कैरोचं काय!

पिरॅमिड दिसला तो अगदी अवचित. बसनं वळण घेतलं. विटांच्या अर्धवट इमारती, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, डिश अँटेनांचं रान, आणि त्या सगळ्याच्या मागं तो. खुफू राजाचा. इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमाराचा, तेवीस लाखांच्या आसपास दगड, मुळात १४६ मीटर उंच. पुढची जवळजवळ अडतीसशे वर्षं माणसानं याहून उंच काही बांधलं नाही. आकडे सगळे पाठ होते, आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. घसा दाटून आला. आता डोळ्यांत पाणी येणार, तेवढ्यात खालून काचेवर टकटक. "इंडिया! अमिताभ बच्चन! कॅमल?"

पाणी आलंच नाही. त्या देशात गहिवर पुरा होऊ देत नाहीत. दर वेळी तो कुणीतरी मधेच तोडतं आणि वर बक्षीस मागतं. फोटो काढला, बक्षीस. फोटो कुठून काढायचा ते बोटानं दाखवलं, बक्षीस. संडासाच्या दारात हातावर कागदाचे दोन चतकोर ठेवले, बक्षीस. थडग्यातला पहारेकरी 'नो फोटो'च्या पाटीखाली उभा राहून डोळा मिचकावतो, त्याचंही बक्षीस.

आमच्या गटात लातूरचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. ते उंटावर बसले. बसायचा भाव त्यांनी कसून ठरवला होता. वर गेल्यावर कळलं की तो फक्त चढायचा होता. उतरायचा वेगळा. उंट काही बसेना, आणि उंटवाला निवांत सिगरेट पेटवून आभाळाकडं बघत उभा. साहेब वरूनच हिशेब घालत होते, टूरवाला पोरगा खालून अर्ध्या इंग्रजीत कळवळत होता. जाऊबाई हे शेंगा फोडत बघत होत्या. म्हणाल्या, "कर्ज देताना ह्येंनी तरी कुठं सगळं सांगितलं होतं गिऱ्हाइकाला!"

मग पिरॅमिडच्या आत जायचं निघालं. गाईडनं गुडघे, रक्तदाब, दमा अशी सगळी भीती घालून पाहिली. जाऊबाईंनी चपला पिशवीत घातल्या. काढायच्या नसतात असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "राजाचं थडगं हाय नव्हं?" आतली चढती वाट जेमतेम चार फूट उंच. कमरेत वाकून, फळ्यांवर ठोकलेल्या पट्ट्यांना पाय लावत चढायचं. मागून येणाऱ्याचं डोकं आपल्या पाठीला, पुढच्याची पाठ आपल्या डोक्याला. उतरणारेही त्याच वाटेनं येतात, त्यामुळं मधेच एका घामाघूम जर्मन जोडप्याशी आमची गाठ पडली आणि बराच वेळ सुटली नाही. हवा म्हणजे चैत्रातली बंद एस. टी. पुढं एकदम ती मोठी दालनवाट लागते. सत्तेचाळीस मीटर लांब, साडेआठ मीटरहून उंच, वर वर आत येत गेलेल्या दगडांची. तिथं मान वर झाली आणि मी खरंच गप्प झाले. ना चुना ना सिमेंट दिसतं, आणि सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही. शेवटी पुन्हा वाकून राजाच्या खोलीत. अस्वानहून आणलेल्या लाल ग्रॅनाईटची खोली, भिंतीवर रेघसुद्धा नाही, आणि एका टोकाला बिनझाकणाची दगडी पेटी. रिकामी.

जाऊबाईंनी पेटीत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"कुठाय?"

"नाहीये. फार पूर्वीच चोरीला गेलं असणार सगळं."

"आन् हे माहीत असून तू मला वाकत आणलीस? तुळजापुरात गर्दी असली तर निदान मुखदर्शन तरी घडतं गं."

बाहेर आल्यावर त्या सावलीत गुडघे चोळत बसल्या आणि मी त्यांना आपलं वेरूळ सांगत बसले. इथल्या लोकांनी खालून वर रचत नेलं, आपल्या राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत आणला. कैलास लेण्याचा कळस आधी झाला, पायथा नंतर. "आन् आत देव हाय," जाऊबाईंनी वाद मिटवला.

एक राजा मात्र त्यांना भेटला. कैरोतच राजांच्या ममी ठेवलेलं संग्रहालय आहे. ३ एप्रिल २०२१ ला बावीस राजेराण्यांना खास सजवलेल्या गाड्यांतून मिरवत तिथं नेलं, असं गाईडनं सांगितलं. जाऊबाईंनी ताबडतोब डोक्यावर पदर घेतला. पालखी निघालेला माणूस म्हणजे साधा नव्हे. दुसऱ्या रामसेसपुढं त्या हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. "केस बघ कसं राहिल्यात," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या एका दालनात थडग्यांतून सापडलेल्या भाकऱ्या काचेआड मांडल्या होत्या, हजारो वर्षांपूर्वीच्या, काळ्या पडलेल्या. लातूरच्या साहेबांनी हळूच पिशवीतली आपली कडक भाकरी काढून काचेला लावून बघितली. पहारेकऱ्याला संशय आला, पण नेमका कोणत्या भाकरीचा ते त्याला ठरवता येईना.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. कोशरी नावाचा त्यांचा मोठा लाडका पदार्थ. भात, मसूर, मॅक्रोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट पाणी. "चार घरचं उरलेलं एका ताटात," असं म्हणत जाऊबाईंनी दोन ताटं संपवली. पाहुण्यांना देतात ते लालभडक 'करकदे' म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. ते मात्र त्यांनी ओळखलं आणि नाराज झाल्या. अंबाडीची भाजी करायची सोडून हे लोक पाणी काय पितात?

नाईलवर त्या गप्प झाल्या. कैरोत वर्षाला पंचवीस मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खाली अस्वानकडं तर पडतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि काठावर ऊस! डोळ्यांदेखत ऊस, केळी, बरसीमचे हिरवेगार तुकडे. ते बरसीम तर मूळ त्यांच्याकडचंच, आपल्याकडं म्हशींना नंतर मिळालं. पट्टा संपला की एका पावलावर वाळवंट. आमच्याकडं सरासरी सातशे मिलिमीटर पडतो आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ऊस आम्हीही लावतो, ती गोष्ट वेगळी. बँकवाले साहेब कठड्याला धरून म्हणाले, "ही नदी आपल्याकडं असती ना मॅडम, तर चार वर्षांत आटवली असती."

अबू सिंबेलला पहाटेच्या अंधारात निघावं लागतं. वाळवंटातून तीन-साडेतीन तास. अस्वानचं मोठं धरण झालं तेव्हा रामसेसची ही देवळं पाण्याखाली जाणार होती. मग १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, दगड दगड वेगळा करून पासष्ट मीटर उंचावर पुन्हा जोडली. मी हे उत्साहानं सांगत होते. जाऊबाईंचं माहेर पैठणकडचं, नाथसागरात गेलेलं. १९६५ ला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ ला उद्घाटन, त्या दोन सालांच्या मधे कधीतरी त्यांच्या गावानं घरं सोडली.

"आमचा मारुती टोपल्यात घालून आणला," त्या म्हणाल्या. "आन् इथल्या गावच्या लोकांचं काय केलं?"

उठवले, मी म्हटलं. हजारो नूबियन माणसं उठवली. त्यांनी मान हलवली आणि देऊळ बघायला आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांचं मत पडलं की काम चांगलं केलंय, सांधा दिसत नाही.

शेवटी लक्सरचा बाजार. कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या दालनाचे १३४ खांब बघून आम्ही अर्धमेल्या झालो होतो आणि दुकानदार ताजेतवाने होते. तिथं भाव त्यांच्या आकड्यांत लिहिलेले. त्यांचा पाच दिसतो थेट आपल्या शून्यासारखा आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून साहेबांना पन्नास पौंडाची प्रत्येक वस्तू फुकट दिसत होती. जाऊबाईंनी पाटीकडं बघितलंच नाही. सुती उपरण्याचा काठ दोन बोटांत चोळला, उजेडाकडं धरला, तोंड वाकडं केलं.

"काय म्हणूलालाय गं ह्यो?"

"तीनशे."

"साठ म्हण."

दुकानदारानं छातीवर हात ठेवला. इजिप्शियन कॉटन, जगात नंबर एक! तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली, म्हणजे शाळेतली. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची वही लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस'. तीत भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर, असं नोंदलंय. तेरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून आडवाटेनं भडोचला जायची, आणि त्या बंदरातला माल जहाजानं तांबड्या समुद्रातल्या यांच्या बंदरांवर यायचा. हे सगळं मी त्याला माझ्या इंग्रजीत, हातवाऱ्यांसह समजावलं. दोन हजार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या तालुक्यातलं कापड नेसत होता!

तो ऐकत राहिला. चेहरा उजळला. "मग आपण घरचेच! तुम्हाला घरचा भाव," म्हणाला, आणि साडेतीनशे सांगितले.

मी जाऊबाईंना हे सांगितलं. त्या शांतपणे स्टुलावर बसल्या. "जुनं गिऱ्हाईक हाय म्हणतोय का? मग आधी मागची उधारी चुकती कर म्हणावं."

मी भाषांतर केलं. आतून त्याचा म्हातारा बाप हसत बाहेर आला. चहा आला, दुधाशिवाय, साखर निम्मा पेला. बाप अरबीत बोलला, जाऊबाई मराठीत बोलल्या, माझी गरज संपली. एकशे वीसवर सौदा पटला. आम्ही उठलो, तर जाऊबाईंनी त्या पोरापुढं हात पसरला आणि त्या देशात त्यांना आलेला एकमेव शब्द उच्चारला. "बक्षीस."

तो आ वासून बघत राहिला. मग गल्ल्यातून एक निळा दगडी किडा काढून त्यानं त्यांच्या तळहातावर ठेवला.

"काय हाय गं ह्ये?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"स्कॅरब. फार पवित्र मानायचे पूर्वी. शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा."

जाऊबाई भर बाजारात थांबल्या. "म्हंजे शेणकिडाच की! बघ, फसवलंच मेल्यानं."