कंसातला कुपा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात. युरोपातली सरकतात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यू यॉर्क आणि ब्रुसेल्समध्ये सहाऐवजी पाचच तासांचा फरक उरतो. भारताचं घड्याळ आपलं बारा महिने ठाम, पण ‘साडेपाच’मधला अर्धा तास परदेशी सहकाऱ्यांच्या काही केल्या पचनी पडत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी प्रकल्पांवर काम करणारे आम्ही लोक भरतीओहोटीचं कोष्टक वर्षानुवर्षं उघडत नाही. हे घड्याळांचं कोष्टक मात्र टेबलासमोर चिकटवलेलं असतं.

हिवाळ्यातली एक साधी ऑनलाइन बैठक घ्या. ब्रुसेल्सला दुपारचे 3. जमैकातल्या किंगस्टनला सकाळचे 9, सेशेल्सला संध्याकाळचे 6, आपल्याकडे साडेसात, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांची वेळ, आणि फिजीत सुव्हाला रात्रीचे 2, तेही उद्याचे. फिजीचा माणूस कॅमेरा का लावत नाही, हे विचारायचं नसतं. निमंत्रणात वेळ लिहिताना ‘आयएसटी’ ही अक्षरं चुकूनही वापरू नयेत. ती भारताची आहेत तशी इस्रायलचीही आहेत आणि उन्हाळ्यात आयर्लंडचीही. आयर्लंडचा भागीदार त्या अक्षरांवर विसंबला तर साडेचार तास उशिरा, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने हजर होतो. फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहावी आणि प्रत्येकाला आपापली बेरीज करू द्यावी. तरी एक जण चुकतोच, आणि बहुधा तो बैठकीचा अध्यक्ष असतो.

‘समुद्राचं काम’ म्हटल्यावर शेजारच्या काकूंच्या डोळ्यांसमोर बोट येते, आणि लगोलग पापलेटचा भाव. त्यांना कसं सांगणार की मासेमारीच्या अनुदानांवरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार 17 जून 2022 रोजी जिनिव्हात झाला, म्हणजे ज्या देशाला समुद्रकिनाराच नाही त्या देशात? आमचा समुद्र जिनिव्हा, रोम आणि न्यू यॉर्क इथल्या गालिचे घातलेल्या खोल्यांत असतो. तिथे ओलं असं काही असेल तर कॉफी.

आता प्रत्यक्ष काम. समजा, कुपा म्हणजे टूना माशाबद्दल एवढं एकच वाक्य सिद्ध करायचं आहे: ‘पिवळ्या पराचा कुपा जेवढा वाढतो तेवढाच पकडावा.’ कुठल्याही कोळणीला हे ऐकवा, ती म्हणेल, “मग? आणखी काय?” आम्हाला त्यासाठी चार वर्षं, चौदा संस्था आणि सात वर्क पॅकेजं, म्हणजे कामाचे सात गट, लागतात. पहिलं पॅकेज समन्वयाचं, शेवटचं प्रसाराचं. मासा मधे कुठेतरी. आपलं वाक्य तिसऱ्या पॅकेजातल्या दुसऱ्या अहवालात बसतं, म्हणून त्याचं नाव ‘डी तीन पॉइंट दोन’. त्यानंतर त्याला कुणीही दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

मसुदा फिरवला की सर्वांत आधी जीवशास्त्रज्ञ येतात. ‘वाढतो’ म्हणजे संख्येने की वजनाने? तिथे ‘कमाल शाश्वत उत्पन्न’ (साठा न घटवता जास्तीत जास्त जेवढं पकडता येईल तेवढं) घाला, आणि पुढे संभाव्यतेची टक्केवारी. घातली. पण या माशाने स्वतःही अहवालांची पंचाईत केलेली आहे. 2015 पासून हिंदी महासागरातला हा कुपा अतिमासेमारीने घटलेला मानला जात होता, त्यामुळे सगळ्यांची प्रस्तावना त्याच वाक्याने सुरू व्हायची. 2024 च्या मूल्यमापनात निष्कर्ष उलटा निघाला: साठा घटलेला नाही. गणितात घातलेल्या आकडेवारीतही सुधारणा झाल्या होत्या. माशासाठी आनंदाची बातमी. पण ज्यांची प्रस्तावना मंजूर होऊन छपाईला गेली होती त्यांच्या चेहऱ्यावर सुतक.

मग आकडे. जगभरच्या मासळीची नोंद रोमच्या अन्न व कृषी संघटनेकडे जाते आणि तिथे प्रत्येक जातीला तीन अक्षरं मिळतात. पिवळ्या पराचा कुपा वाय-एफ-टी. आपला बांगडा आर-ए-जी, म्हणजे इंग्रजीत चिंधी. बांगड्याने याचा निषेध नोंदवायला हवा होता. अरबी समुद्र 51 क्रमांकाच्या क्षेत्रात, बंगालचा उपसागर 57 मध्ये. आणि एम-झेड-झेड नावाचं एक कोठार आहे: ‘अन्यत्र न मोडणारे समुद्री मासे’. ससून डॉकवर पहाटे टोपलीतल्या प्रत्येक माशाला नाव असतं, लहानमोठ्या आकाराला वेगळं नाव असतं, भाव तर असतोच. तोच मासा तालुका, जिल्हा, राज्य, दिल्ली असा प्रवास करत रोमला पोचेपर्यंत त्यातला बराचसा एम-झेड-झेड झालेला असतो. जो तक्ता फार स्वच्छ दिसतो, त्याचा हा रकाना आधी तपासावा. तो रिकामा असेल तर कुणीतरी अंदाजाने वाटणी केलेली आहे.

वकील येतात ते ‘पकडावा’ या शब्दावर बोट ठेवत. कुणी पकडावा? किनाऱ्यापासून 12 सागरी मैल भारतात राज्य सरकारचे, 200 पर्यंत केंद्राचे, त्यापलीकडे खुला समुद्र. सागरी मैल 1852 मीटरचा. साध्या मैलाने मोजलंत तर हद्द तेरा टक्क्यांनी आत येते, आणि ही चूक दर मसुद्यात एकदा सापडते. कुपा या तिन्ही हद्दी एका आठवड्यात ओलांडू शकतो, म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या समुद्र कायद्यात दूरवर भटकणाऱ्या माशांसाठी 64 वं कलम आणि नावांची वेगळी यादी आहे. आता ‘लहान मच्छीमारांना सूट’ हे शब्द टाकायचे. लहान म्हणजे किती? हिंदी महासागर टूना आयोगाच्या नोंदींत 24 मीटरखालची, आपल्याच 200 मैलांत राहणारी नौका किनारी मासेमारीच्या खात्यात पडते. म्हणजे वाळूत उभं राहून रापण ओढणाऱ्या मंडळींचं होडकं आणि 23 मीटरची इंजिनवाली बोट एकाच कुटुंबातली. ही गोष्ट कोकणातल्या एखाद्या बंदरावर सांगून पाहा, पण परतीची वाट आधी बघून ठेवा.

नकाशा मात्र काढू नका. काढायचाच असेल तर 200 मैलांच्या रेषा बहुतेक सगळे बेल्जियमच्या ‘मरीन रीजन्स’ या संग्रहातून उचलतात, आणि त्या रेषा पाहून चौदापैकी निदान तीन भागीदारांना आपापल्या परराष्ट्र खात्याची आठवण होते. खाली ‘या नकाशावरून कुठल्याही हद्दीबाबत मत व्यक्त होत नाही’ अशी बारीक अक्षरांतली तळटीप टाकतात. तेवढ्याने भागत नाही. मग एकेक वादग्रस्त रेषा पुसत जातात आणि शेवटी उरतो निळा आयत. किनारा तरी स्थिर असावा, तर तोही नाही. भारताचा किनारा कित्येक दशकं 7516.6 किलोमीटर होता. नव्या मोजणीत तो 11098.81 झाला. जमीन इंचभर वाढली नाही. आधी ढोबळ नकाशावर मोजला होता, आता 1:2,50,000 प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक खाडीत शिरून मोजला. खाडीत शिरलं की किनारा वाढतो, हे कुठल्याही तरवाल्याला ठाऊक आहे. आमच्या तक्त्यातले ‘किनाऱ्याच्या दर किलोमीटरमागे’ असलेले सगळे आकडे मात्र एका रात्रीत लटके पडले.

इतकं होऊन वाक्य वाटाघाटीच्या मसुद्यात गेलंच, तर खरा छळ सुरू होतो, तो चौकोनी कंसांचा. एखाद्या देशाला शब्द पटला नाही की तो काढत नाहीत, कंसात घालतात. दुसऱ्याने सुचवलेला पर्याय शेजारच्या कंसात. प्लास्टिक कराराच्या ऑगस्ट 2025 मधल्या जिनिव्हा फेरीत असे जवळजवळ दीड हजार कंस जमले होते, आणि करार झालाच नाही. आपलं वाक्य तिथे असं दिसेल: ‘[किनारी राष्ट्रांनी] [सर्व संबंधितांनी], [यथोचित] [आणि राष्ट्रीय परिस्थितीनुसार], कुप्याचा साठा [राखावा] [राखण्याचा प्रयत्न करावा] [राखण्यास प्रोत्साहन द्यावे].’ खरी झुंज ‘राखतील’ आणि ‘राखावा’ यांची: पहिलं बंधन, दुसरा सल्ला. मराठीत यांना कंसात शेजारी बसवताच येत नाही, कारण ‘राष्ट्रे राखतील’ पण ‘राष्ट्रांनी राखावा’. क्रियापद बदललं की कर्त्याची विभक्तीही बदलते आणि आणखी दोन कंस लागतात. मराठी संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत नाही, ही गोष्ट करारांच्या पथ्यावरच पडली आहे.

बैठका सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 3 ते 6. सहाला दुभाषे उठतात. वाटाघाटी उठत नाहीत. त्या नुसत्या इंग्रजीत रात्रभर चालू राहतात, आणि प्रतिनिधी ‘राजधानीला विचारतो’ म्हणून बाहेर जातो तेव्हा त्याची राजधानी झोपलेली असते. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीचा करार असाच जागून झाला. 4 मार्च 2023 च्या रात्री न्यू यॉर्कमध्ये अध्यक्ष रेना ली यांनी ‘जहाज किनाऱ्याला लागलं’ असं जाहीर केलं, तेव्हा ठरलेली मुदत उलटून एका दिवसाहून जास्त वेळ झाला होता. मग सहा भाषांतला मजकूर एकमेकांशी ताडून 19 जूनला तो रीतसर स्वीकारला, आणि लागू व्हायला 17 जानेवारी 2026 उजाडला.

आमच्या कुप्याचं नशीब त्या मानाने बेताचं. टूना आयोगात ठराव दोन तृतीयांश मतांनी होतो आणि सगळ्यांना बांधतो, पण 120 दिवसांच्या आत आक्षेपाचं पत्र पाठवलं की पाठवणारा मोकळा. कुप्याच्या ठरावावर भारतानेही असं पत्र धाडलेलं आहे. चार वर्षांची मेहनत आणि एक टपाल, अशी ही लढत.

युरोपीय संस्थेच्या पगारपत्रकावर असाल तर शेवटी उरते दिवसांची नोंद. वर्ष 215 दिवसांचं, दिवस 8 तासांचा, बेरीज जवळच्या अर्ध्या दिवसाला नेऊन भिडवायची, महिन्याच्या शेवटी आपली आणि वरिष्ठांची सही. आता 31 जुलै 2026, शुक्रवार, न्यू यॉर्कला दुपारी 3 ते 6 असं सत्र धरा. ब्रुसेल्सला ते शुक्रवारी रात्री 9 ते 12. आपल्याकडे 1 ऑगस्ट, शनिवार, रात्री साडेबारा ते साडेतीन. जुलैत लिहावं तर त्या शुक्रवारचे 8 तास आधीच भरलेले. ऑगस्टमध्ये लिहावं तर कार्यक्रमपत्रिकेवर जुलै. आणि शनिवारचा चौकोन राखाडी, त्यात आकडाच उमटत नाही. तळाशी ‘इतर’ असा एक रकाना असतो. ते तीन तास तिथे जातात, एम-झेड-झेड म्हणून.