तंत्राचे मूळ एक नाही, आणि वाममार्ग हा नंतरचा बिघाडही नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: सगळे तंत्र अथर्ववेदातून निघाले, आरंभी एकच सात्त्विक दक्षिणमार्ग होता, बौद्धांनी त्यात मद्य-मांसासारख्या निषिद्ध गोष्टी वापरणारा वाममार्ग घुसडून तो नासवला, आणि आपल्या संतांचा या भानगडीशी काडीचाही संबंध नाही. परंपरेबद्दलच्या प्रेमापोटीच लोक तो पाठवत असतील, पण त्यात परंपरेच्या स्वतःच्या ग्रंथांना बोलूच दिलेले नाही.

आधी अथर्ववेद. रोग घालवणे, वशीकरण, शत्रुनाश हे हेतू तिथेही आहेत आणि तंत्रग्रंथांतही, एवढे खरे. पण शैव तंत्राचा कणा म्हणजे दीक्षा. गुरू मंत्रांच्या बळावर शिष्याच्या आत्म्याला जखडणारे पाश तोडतो आणि त्याला मोक्षाचा अधिकारी करतो. सोमयागातही दीक्षा असते, पण ती यजमानाला त्या यागापुरती पात्र करते. याग आटोपला की तिचे काम संपते. शिवाय शैवांनी दीक्षेचे दार शूद्रांनाही उघडले.

आज उपलब्ध असलेल्या शैव तंत्रांपैकी सर्वांत जुने मानले जाते ते निश्वासतत्त्वसंहिता. त्याची ताडपत्रावरची पोथी काठमांडूत आहे आणि त्यातला सर्वांत जुना भाग अभ्यासक साधारण 5व्या-6व्या शतकातला मानतात. हा ग्रंथ धर्माचे पाच मार्ग सांगतो: लौकिक, वैदिक, आध्यात्मिक, अतिमार्ग आणि मंत्रमार्ग. वैदिक मार्ग खालून दुसरा, स्वतःचा मंत्रमार्ग सर्वांत वर. ज्याला स्वतःची अशी वेगळी ओळख सांगायची आहे, त्याला आपण परस्पर वेदाची शाखा कसे ठरवायचे?

यातला अतिमार्ग म्हणजे पाशुपत (शिवाला पशुपती म्हणून भजणारे) आणि त्यांच्यातून पुढे निघालेले संन्यासी. मथुरेच्या स्तंभलेखात (इ.स. 380) उदिताचार्य हा पाशुपत गुरू स्वतःला कुशिकापासून (पाशुपतांचा मूळ गुरू मानलेल्या लकुलीशाच्या शिष्यापासून) दहावा म्हणवतो, म्हणजे ही गुरुपरंपरा तेव्हाच कित्येक पिढ्या जुनी होती. मुंबईत जोगेश्वरीच्या लेण्यात लकुलीशाची मूर्ती आजही बघता येते. विष्णूभक्तांचे पांचरात्र हा तर आणखी निराळा प्रवाह. त्याचे प्रामाण्य सिद्ध करण्यासाठी वैष्णव आचार्य यामुनाचार्यांना ‘आगमप्रामाण्य’ हा अख्खा ग्रंथ लिहावा लागला, कारण वैदिक मंडळी ते मानायला तयार नव्हती.

आता दक्षिण आणि वाम. इथे सगळ्यात मोठी गल्लत आहे. शैव आगमांची, म्हणजे तंत्रग्रंथांची, जुनी वाटणी सदाशिवाच्या पाच मुखांप्रमाणे होते. ईशान मुखातून शैव सिद्धान्ताची तंत्रे, दक्षिणेकडच्या अघोर मुखातून शिवाच्या उग्र रूपाची भैरवतंत्रे, वामदेव मुखातून वामस्रोत, उरलेल्या दोन मुखांतून विषावरची गारुडतंत्रे आणि भूतबाधेवरची भूततंत्रे. म्हणजे स्मशान, कवटी, मद्य असलेली भैरवतंत्रे या वाटणीत दक्षिणेची! आणि वामस्रोतात कोण? तुंबुरू हे शिवाचे रूप आणि त्याच्या चार बहिणी: जया, विजया, अजिता, अपराजिता. या प्रवाहाची ख्याती पार कंबोडियापर्यंत गेली. स्दोक काक थोम या ख्मेर मंदिराच्या 11व्या शतकातल्या शिलालेखात दुसऱ्या जयवर्मन राजाच्या काळी हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने शिकवलेले चार ग्रंथ नावानिशी दिले आहेत: विनाशिख, नयोत्तर, संमोह, शिरश्छेद. सोवळे ते दक्षिण आणि ओवळे ते वाम, ही विभागणी पुष्कळ नंतरची.

बौद्धांवरचा आरोप तर बहुतांशी उलटा करावा लागतो. संस्कृतचे अभ्यासक अलेक्सिस सँडरसन यांनी पोथ्या शेजारी ठेवून दाखवले की बौद्धांच्या लघुसंवरतंत्रात ब्रह्मयामलासारख्या शैव ग्रंथांतले लांबच्या लांब उतारे थोडा फेरफार करून उतरले आहेत. उलट दिशेनेही देवघेव झाली. दशमहाविद्या या शाक्तांच्या दहा देवींतल्या तारा आणि छिन्नमस्ता बौद्धांकडून आल्या. कवटी बाळगणारे शैव साधू, म्हणजे कापालिक, हेही हिंदूंना परके नव्हते. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 8व्या शतकात ‘मालतीमाधव’ लिहिले, त्यात मालतीचा बळी द्यायला निघालेला अघोरघंट हा कापालिक चामुंडेचा उपासक आहे. तो नाटकातला खलनायक. सगळे तांत्रिक तसेच असतात असे मात्र त्यावरून ठरत नाही.

राहिला संतांचा मुद्दा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. यातल्या मत्स्येंद्रांना कौलमार्ग या तांत्रिक पंथाचा प्रवर्तक मानतात, आणि काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त ‘तंत्रालोका’च्या आरंभी त्यांनाच मच्छंद नावाने वंदन करतात. ‘अमृतानुभवा’च्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव काश्मिरी शैवांच्या शिवसूत्राचा नाव घेऊन आधार देतात, पाठोपाठ गीतेचा देतात, आणि लगेच बजावतात की शिवाने किंवा श्रीवल्लभाने (श्रीकृष्णाने) सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते मानता आले असते.