लाईट गेल्यावर हातातले मशीन कुठे ठेवता?

सेलूला आमचे कटिंगचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्री शेवटच्या गिऱ्हाइकाचे केस वाळवत असतानाच लाईट गेली. कारागिराने ड्रायर काउंटरवरच्या टॉवेलवर ठेवला, मोबाईलच्या उजेडात सामान आवरले आणि आम्ही शटर ओढून घरी गेलो. ड्रायरचे बटण चालूच होते आणि प्लगही बोर्डातच होता. सोमवारी दुकान बंद असते, म्हणजे मंगळवारपर्यंत कोणी कुलूप उघडणार नव्हते. तासाभराने लाईट आली. शेजारच्या चहावाल्या काकांना जळका वास आला आणि त्यांनी लगेच फोन केला, म्हणून टॉवेल आणि काउंटरचा सनमायका एवढ्यावरच निभावले.

त्या मुलाला मी बोल लावला नाही. मशीन कसे चालवायचे हे मी त्याला वर्षभर शिकवले, पण काम थांबल्यावर ते कसे ठेवायचे हे एक दिवसही सांगितले नव्हते. आमच्या आजोबांच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, वस्तरा पुसून, मिटूनच आत जाई. कातरी, नखे काढायची नराणी, कंगवा, धार लावायची पथरी यांचे कप्पे ठरलेले होते आणि अंधारातही त्यांचा हात चुकत नसे. वस्तऱ्याच्या जागी २३० व्होल्टवर चालणारे मशीन आले, तेव्हा आम्ही ते आरशाशेजारच्या खिळ्याला वायरीनेच टांगले. धोकटीची शिस्त आमच्या हातून तिथे सुटली, असे मला आता प्रामाणिकपणे वाटते.

मशीनचे बटण बंद केले म्हणजे काम संपले, ही समजूत आधी सोडली पाहिजे. प्लग बोर्डात आणि बोर्डाचे बटण चालू असेपर्यंत वायरीत वीज असतेच, आणि मशीनला वायर गच्च गुंडाळून ठेवण्याच्या सवयीने ती नेमकी बुडाशी, जिथे मशीनमध्ये शिरते तिथे, आतून तुटत जाते. वरून फक्त रबर थोडे मऊ लागते. म्हणून वायरीचे सैल वेटोळे करावे आणि मशीनचा भार कधीही वायरीवर टाकू नये. वॉश बेसिनच्या वर किंवा बाजूला तर खिळाच नसावा.

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवण्याची रीतही आमच्याकडे सर्रास आहे. त्यात केस जातात, फरशी पुसताना पाणी जाते. शिवाय ६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १३८० वॅटचा भार चालतो आणि सलूनमधले कित्येक ड्रायर १५०० ते २००० वॅटचे असतात. त्यांना भिंतीतले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच हवे.

इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येकाने ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. एमसीबी, म्हणजे जादा भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवतो. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली की पुरवठा तोडण्याचे काम आरसीसीबी करतो. दोन पिनांच्या मशीनला अर्थिंगची तार नसतेच, त्यामुळे ओल्या हाताच्या आपल्या धंद्यात याचे मोल मोठे आहे. अर्थिंगच्या खड्ड्यालाही उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, कारण आपली काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की अर्थिंग नावापुरते उरते.

बिनवायरीच्या ट्रिमरमुळे हा प्रश्न मिटला, असे अनेक तरुण मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. त्यातली लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असे असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात शटर बंद असताना तेवढी उष्णता सहज होते. रात्रभर, तेही टॉवेलवर, चार्जिंगला लावून जाणे मी पूर्ण थांबवले आहे. चार्जिंग दुकान उघडे असताना, डोळ्यांसमोर. बॅटरी फुगलेली दिसली की ते ट्रिमर पुन्हा वापरू नये.

जागा नाही, ही अडचण खरी आहे. आमचा गाळाही आठ बाय दहाचाच आहे. पण भिंत सर्वांकडे असते. मी सुताराकडून आरशाच्या कडेला, हाताच्या उंचीवर, लाकडी पेटी करून घेतली. तिला कप्पे आहेत आणि हवेसाठी मागे भोके आहेत. मशीन ब्रशने झाडून, पात्याला तेलाचा थेंब देऊन, प्लग काढूनच तिच्यात जाते. स्पिरिटने पुसले असेल तर ते पूर्ण उडेपर्यंत मशीन सुरूही करायचे नाही आणि आतही ठेवायचे नाही. ड्रायर पूर्ण थंड झाल्यावरच खालच्या कप्प्यात. स्पिरिटची बाटली आणि स्प्रेचे डबे समोरच्या भिंतीला, वेगळ्या फळीवर.

लाईट गेली की आता आमच्याकडे कारागीर उजेड शोधण्याआधी प्लग काढतो आणि शटर ओढण्यापूर्वी मी पेटीतले नग मोजतो. तुमच्या दुकानात हे सामान कसे ठेवता, पेटीचा फोटो असेल तर तोही, खाली जरूर टाका. माझ्या पेटीची मापे मी कोणालाही द्यायला तयार आहे.