हुर्राकाचा मेसेज पुढे पाठवण्याआधी

काजूचा हंगाम आला की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांतून हुर्राकाबद्दल, म्हणजे काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या दारूबद्दल, एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, सार तेच: हुर्राक म्हणजे बोंडांचा रस, त्यात रसायन नाही, म्हणून तो बाधत नाही. चढलाच तर लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ. फारच झाली तर उलटी करवून झोपवा, सकाळी माणूस ताजातवाना.

यातलं शेवटचं वाक्य जीव घेऊ शकतं, म्हणून आधी तेच.

ग्लास खाली ठेवला की दारू चढायची थांबत नाही. पोटातली, आतड्यातली दारू पुढेही रक्तात जात राहते, कधी कधी तासाहून जास्त वेळ. त्यामुळे सोप्यावर आडवा केलेला माणूस झोपेतच आणखी गुंगीत जातो. दारू श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागालाही मंदावते. एरवी पाण्याचा थेंब चुकीच्या नळीत गेला तरी आपल्याला ठसका लागतो. अतिनशेत ही जाग उरत नाही. उताण्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत शिरते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात बोटं घालण्यातही हाच धोका आहे, आणि रक्तात गेलेली दारू उलटीने परत येत नाही. ‘घोरतोय म्हणजे बरा आहे’ हा दिलासाही खोटा, कारण ती घरघर श्वासाची वाट अडत असल्याची खूण असू शकते. जेवण न करता प्यायलेल्यांची साखर घसरू शकते, आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींसाठी ते फारच घातक. नशा असो की घसरलेली साखर, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: ‘टाईट होऊन पडलाय’.

लिंबूपाण्याने घसा ओला होतो, तेवढंच. कॉफीने झोप उडते, नशा तशीच राहते, आणि आता शुद्धीवर आलो या समजुतीने माणूस स्कूटरची चावी उचलतो. थंड पाण्याने तर अंग आणखी गार पडतं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची ऊब आधीच बाहेर जात असते. त्यातून कोणी न्हाणीघराऐवजी विहीर, नदी किंवा समुद्र गाठला तर पुढचं सांगायला नको.

राहिला ‘नैसर्गिक’पणा. बोंडांचा रस आंबवला की त्यात जे तयार होतं ते इथेनॉलच, व्हिस्कीत असतं तेच. हुर्राक एकदाच गाळलेला, साधारण 15 टक्क्यांचा. फेणी 42 टक्क्यांच्या आसपास. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान मलाही आहे, पण ते मानांकन तिच्या उगमाचं आहे, निरुपद्रवीपणाचं नाही. हुर्राक हलका लागतो, लिंबू-मीठ-मिरची घालून सोड्यासारखा पोटात जातो, म्हणून मोजलाच जात नाही. 750 मिलीच्या बाटलीत जवळपास 90 ग्रॅम शुद्ध दारू असते. यकृत तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं, आणि त्याला घाई करायला लावणारा कोणताही घरगुती उपाय नाही. रात्री 11 पर्यंत एकट्याने बाटली संपवणारा सकाळी 7 ला कामावर निघतो, तेव्हाही त्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दारू असू शकते. ही मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे.

कोणी हाका मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठहून कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर, अंग गार असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली राहू द्या आणि गाडी येईपर्यंत जवळ बसून राहा. तोंडात काही घालू नका, लिंबूपाणीसुद्धा नाही. डॉक्टरांना किती प्यायला, केव्हा प्यायला आणि झोपेची किंवा मधुमेहाची गोळी घेतली होती का, हे लपवाछपवी न करता सांगा.