चाकांवरच्या घराची आंघोळ

गाडी धुणे आपल्याला उत्तम जमते, असा माझा समज अनेक वर्षे टिकून होता, आणि तो टिकण्याचे खरे कारण एवढेच की, तोवरच्या माझ्या सर्व गाड्यांचा टप माझ्या हनुवटीपर्यंतच येत असे. मोटारहोम घेतल्यावर हा समज पहिल्याच आंघोळीत वाहून गेला. मोटारहोम चालताना गाडी असते आणि थांबली की घर होते, असे विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितले होते. धुताना ती नेमकी काय असते, याविषयी मात्र त्याने मौन पाळले. धुताना ती सुमारे तीन मीटर उंचीची, खिडक्या, झरोके आणि सांधे यांनी ठिकठिकाणी भोके पडलेली इमारत असते. इमारत बाहेरून धुण्याचे काम माणसाने पूर्वापार पावसावर सोपवले आहे, त्यामागे काहीतरी विचार असणारच.

पहिल्या खेपेस मी हात पोहोचेल तिथून सुरुवात केली. दोन तास खपून भिंती अशा लख्ख केल्या की त्यांत माझा चेहरा दिसू लागला. मग टपाची आठवण झाली, म्हणून लांब दांड्याचा ब्रश वर फिरवला आणि पाइपने पाणी सोडले. टपावर वर्षभर साठलेली धूळ, कुजलेली पाने आणि पक्ष्यांचे आहेर एकदम खाली निघाले, आणि पांढऱ्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ उमटले. आतापर्यंत मळकट असलेले घर आता पट्टेरी झाले. पाणी वरून खाली वाहते हे मला शाळेपासून ठाऊक होते, परंतु ते ज्ञान माझ्या उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते. म्हणून धुण्याची सुरुवात टपापासून करावी, आणि तत्पूर्वी भिंती भिजवून ठेवाव्यात, कारण ओल्या भिंतीवर मळ चटकन धरत नाही. हे सर्व मी ओघळांकडे पाहत मनात जुळवत होतो, तोच आतून पत्नीचा शांत आवाज आला, ‘‘अहो, आत पाऊस पडतोय.’’ छतातला झरोका मी उघडाच ठेवला होता.

दुसऱ्या खेपेस मी पूर्ण तयारीनिशी उतरलो. सावलीची जागा निवडली, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण धुण्याआधीच वाळतो आणि त्याचे डाग मागे राहतात. बाहेरून जोडलेली विजेची तार काढली. झरोके बंद केले, आणि ते बंद असल्याची खात्री पत्नीने पुन्हा स्वतः केली. आमचा टप माणसाचे वजन पेलतो की नाही, हेही पुस्तिकेत पाहून घेतले, कारण प्रत्येक मोटारहोमचा पेलत नाही. गाडीच्या पाठीला जोडलेल्या शिडीवर किती वजन चालते, याचाही आकडा तिथे होता. तो वाचून मी स्वतःकडे एकदा, भरलेल्या बादलीकडे एकदा पाहिले आणि निराळी शिडी आणली. भिंतीला टेकवायच्या शिडीचा हिशेब असा की, ती जितक्या उंचीवर टेकते त्याच्या एक चतुर्थांश अंतर तिच्या पायथ्याशी सोडावे, आणि चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, सतत शिडीला लागलेले असावेत. एवढे अवयव शिडीत गुंतल्यावर बादली धरायला उरतो काय, असा प्रश्न मला पडला. पत्नीने बादलीला दोरी बांधून तो सोडवला.

टप रबरी होता. अशा रबराला पेट्रोलजन्य द्रावक लागले तर ते फुगते, म्हणून मी सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वर नेले होते. गुडघे टेकून, शिडीपाशी सुरुवात करून, मी मोठ्या निष्ठेने घासत घासत पुढच्या टोकाला पोहोचलो आणि अभिमानाने मागे वळून पाहिले. माझ्या व शिडीच्या मध्ये साबणाने माखलेला, कमालीचा निसरडा असा संपूर्ण टप पसरला होता. सुरुवात शिडीच्या विरुद्ध टोकाला करून शिडीकडे सरकत यायचे असते, हे ज्ञान मला तीन मीटर उंचीवर, फेसाच्या सान्निध्यात प्राप्त झाले. पत्नीने खालून पाइप वर दिला. मग पुढचे हातभर पाणी मारून स्वच्छ करायचे आणि तेवढेच रांगायचे, अशा रीतीने मी परत आलो. त्या प्रवासाला अर्धा तास लागला. एका लहान मुलाने खालून विचारले, ‘‘काका, तुम्ही काही शोधताय का?’’ मी होय म्हणालो.

भिंतींसाठी मी उत्साहाच्या भरात प्रेशर वॉशर आणला होता. त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हे यंत्र हाती आले की माणसाला आपण फार कामसू असल्याचा भास होतो. पाऊस वरून पडतो हे गृहीत धरून मोटारहोमची रचना केलेली असते. फ्रीजमागच्या हवेच्या जाळीच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे पाऊस त्यांच्यावरून निथळून जातो. पण खाली उभे राहून मारलेला जोरदार फवारा त्याच फटींतून सरळ आत शिरतो. खिडक्यांच्या कडेच्या फटी बुजवणारे सीलंट तर मऊ असते, जवळून मारलेल्या पाण्याने ते उखडते, आणि मग गळती भिंतीच्या आत मुक्काम ठोकून लाकूड कुजवते. मी सीलंटला धक्का लावला नाही. मात्र गाडीच्या कुशीवर तीन डोंगरशिखरांचे चिकटचित्र होते, त्यातले मधले शिखर माझ्या डोळ्यांदेखत सुटून गटाराकडे वाहत गेले. तेव्हापासून तिथे खिंड आहे.

त्यानंतर यंत्र ठेवून दिले आणि दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची व एक ब्रश खळबळण्याची, म्हणजे भिंतीवरचे खडे पुन्हा भिंतीवरच घासले जात नाहीत. भांड्यांचा साबण टाळला, तो मेणाचा थर उतरवतो. ॲक्रिलिकच्या खिडक्या भरपूर पाण्याने धुतल्या, कोरड्या फडक्याने नव्हे. पुढच्या काचेवर आत्मार्पण केलेले कीटक ओल्या पंच्याखाली दहा मिनिटे ठेवले आणि ते मुकाट्याने सुटले. गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत धुऊन उघडेच वाळत ठेवले, कारण ओले गुंडाळल्यास त्यावर बुरशी येते.

संध्याकाळ झाली. घर झळकत होते, एकही ओघळ नव्हता. मी शिडी उचलून जागेवर ठेवली, ब्रश मोजले, फडकी पिळली. पत्नी काही पावले मागे सरकून घराकडे पाहत होती, आणि मला वाटले की ती कौतुक करीत आहे.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘बादल्या तीन होत्या ना?’’

तिसरी टपावर होती, अगदी कडेला, दोरीसकट, आणि मळक्या पाण्याने काठोकाठ भरलेली.