एक्के लपवून काय मिळतं? (कोथरूडकरांना उत्तर)

अहो कोथरूडकर, पोकरमधल्या एक्क्यांवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, पॉकेट एक्के (वाटलेली दोन्ही पानं एक्का) २२१ डावांत एकदा येतात आणि मी रेज करून (बोली वाढवून) गिऱ्हाईकं पळवतो, त्यापेक्षा गप लिंप करा (बोली न वाढवता किमान रक्कम भरून आत या), पाच जणांसमोर ४९ टक्केच जिंकले तरी पॉट (मधला ढीग) सहापट असतो ना.

गणित बरोबर आहे, पण सहाही जण फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या) आधीच ऑल-इन गेले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तरच! लिंप केल्यावर कोण जातंय ऑल-इन? जो तो दहा चिप्सात फ्लॉप बघतो, नाही लागलं की पत्ते टाकून चहा ओतायला उठतो, आणि जो थांबतो त्याला काहीतरी लागलेलं असतं.

आता हिशोब बघा. ब्लाइंड (दोघांनी आधीच सक्तीने भरायची रक्कम) ५-१०, सगळ्यांकडे हजार. सहा जणांचा लिंप, पॉट ६०. एकच कॉलर (बेटइतकेच भरून टिकणारा) धरून प्रत्येक वेळी फुल पॉट बेट मारली तरी ६०, १८०, ५४०, म्हणजे रिव्हरनंतरही (शेवटच्या, पाचव्या पानानंतरही) २१० चिप्स तुमच्यापुढे तशाच. माझं बघा, ४० ला रेज, दोन कॉल, ब्लाइंड भरलेले दोघे पॅक, पॉट १३५. फ्लॉपवर ९०, टर्नला (चौथ्या पानाला) २००, दोन्ही वेळा एकाने कॉल केला की पॉट ७१५ आणि हातात ६७०. ऑल-इन आपोआप होतं.

मला वाटतं ही लपवायची सवय आपली तीन पत्तीची आहे. तिथे ट्रेल (तिन्ही पानं सारखी) आली की शोपर्यंत ट्रेलच राहते, त्यामुळे साधा चेहरा करून चाल देत बसणं परवडतं. इथे अजून पाच पानं यायची असतात ना राव.

आणि तुमचा प्रयोग मी केलाय बरं का. कर्वेनगरला मित्राकडे एक्के घेऊन मस्त गप बसलो, फ्लॉप ७-८-९, आणि बिग ब्लाइंडवाला (मोठा ब्लाइंड भरलेला) दहा-सहा घेऊन बसलेला, म्हणजे सहा ते दहा सलग, तो हात त्याने चाळीसच्या रेजला जन्मात खेळला नसता, मीच त्याला फुकटात आणलं. सकाळी सहा जणांची मिसळ माझ्याकडून.

एक मान्य, माझ्यानंतर खेळणारा कोणी ऊठसूट रेज करणारा बसला असेल तर लिंप करून त्याच्यावर री-रेज मारायला मजा येते. पण तसा माणूस नक्की असेल तरच.

गुलामांच्या जोडीबद्दल विचारलंत ते मात्र वेगळं प्रकरण आहे, फ्लॉपवर ५७ टक्के वेळा गुलामापेक्षा मोठं पान येतं, त्यावर सवडीने लिहितो.